बोंडात अळी निघते म्हणून डोस दुप्पट करावा का?

प्रश्न: बीटी कपाशी लावूनही गुलाबी बोंडअळी येते, औषधही लागू पडत नाही. अळीला विषाची सवय झाली का? डोस वाढवू का?

सल्ला: डोस वाढवू नका. अळी बोंडात शिरली की छिद्र बुजतं आणि फवारा आत पोचतच नाही. मरतात ते मित्रकीटक.

सवय एकट्या अळीला लागत नाही, बदलते ती सगळी जमात. विष सोसण्याच्या ताकदीप्रमाणे अळ्या आलेखावर मांडल्या तर थोड्या नाजूक, बहुतेक मध्यम आणि एखादीच चिवट निघते. बीटी कपाशीच्या झाडातच अळीला मारणारं विष असतं, त्याने पहिल्या दोन्ही मारल्या. चिवटांचीच पिलावळ वाढली आणि आलेखाचा उंचवटा चिवट बाजूला सरकला. निसर्गाच्या निवडीचा हा प्रकार म्हणजे दिशात्मक निवड. विष बनवणाऱ्या एका जनुकाचं बीटी 2002 साली आलं, दोन जनुकांचं 2006 साली, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडं किडली ती याच सरकण्यामुळे.

कपाशीवरच्याच हिरव्या (अमेरिकन) बोंडअळीचं असं का झालं नाही? ती तूर, हरभरा, टोमॅटोवरही पोसते. तिथे बीटीचं विष नाही, म्हणून नाजूक पतंग तयार होतात आणि चिवटांशी मिलन करून चिवटपणा पातळ करतात. गुलाबी अळी जवळपास कपाशीवरच जगते. तिच्यासाठी नाजूक पतंगांची सोय म्हणून बिगर-बीटी बियाणं दिलं जायचं. बांधाकडेला लावायची ती पुडी बहुतेकांनी फेकली. आता ते बियाणं पाकिटात मिसळूनच येतं. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही जादा बोंडांसाठी कपाशी, ठेवली की अळीला जादा पिढ्या मिळतात, त्याही झाडातलं विष कमी झालेलं असताना.

निवड दर वेळी एकाच बाजूला ढकलते असं नाही. रब्बी ज्वारीत सगळ्यांआधी निसवलेली कणसं पाखरं खातात, फार उशिराची ओल संपल्याने पोचट राहतात. मधली टिकतात, उंचवटा जागेवरच अरुंद होतो. ही स्थिरकारी निवड. दोन्ही टोकं तगून मधले मेले तर विभाजक निवड. कॅमेरूनमधल्या एका दाणेफोड्या पक्ष्यात लहान आणि मोठी चोच टिकली, मधली मागे पडली. शेतात हा प्रकार क्वचितच दिसतो.

आता कामाचं. पेरणीनंतर 45 दिवसांनी एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) पिकाच्या वर फूटभर उंचीवर लावा, वासाची गोळी महिन्याच्या आत बदला. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज सरासरी 8 पतंग आले तर फवारणीची वेळ झाली. पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी डोमकळी उकलून पाहा, आत पांढुरकी अळी सापडते. त्या वेचून नष्ट करा. शेतातून चालत 20 हिरवी बोंडं तोडून फोडा. दोनांत अळी निघाली म्हणजे 10 टक्के झालं, फवारणी टाळता येणार नाही. लेबलवरचाच डोस घ्या, पुढच्या फवारणीला औषधाचा गट बदला. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं नोव्हेंबरआधी नको, पांढरी माशी उसळते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. बांधावर रचून ठेवली तर तिच्यातल्या किडक्या बोंडांतून पुढच्या हंगामात पतंग निघतात.