मयूरेश्वर अभयारण्यात झाडंच नाहीत, मग बघायचं काय?

तुम्ही विचारलंय, बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात मुलांना न्यायचंय, पण तिथे जंगलच नाही असं ऐकलं. मग जावं का? जावं. पण या 'जंगलच नाही'वरून आमच्या घरात कित्येक वर्षं भांडण चालू आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आमचे दाजी पुण्यात नोकरीला. एका जूनमध्ये कंपनीची बस भरून आमच्या गावच्या माळावर वृक्षारोपणाला आले. हा माळ अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा, पण गवत तेच, चिंकारा हरणं तीच. मी म्हणालो, दाजी, इथे खड्डे नका घेऊ, धाविकांची वीण चालू आहे. हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्यावर अंडी घालतो आणि ती मुरमात अशी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. दाजी म्हणाले, "अरे पडीक जमीन आहे, होऊ दे की हिरवी." ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावलं, फोटो काढले, वडापाव खाल्ले, गेले. उन्हाळ्यात बरीच रोपं वाळली. जी जगली त्यांच्यावर आता कावळे बसतात आणि खालची चंडोलांची पिल्लं हेरतात.

पडीक कसलं? ज्यातून शेतसारा मिळत नाही ते पडीक, ही इंग्रजांच्या महसूल खात्याची दृष्टी. इथल्या धनगरांना विचारा. त्यांची मेंढरं लांडगा नेतो, तरी ते या माळाला पडीक म्हणत नाहीत.

अभयारण्य १९९७ सालचं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर. उजाडायच्या आत पोचा. चिंकारा दिसेलच असं धरून चाला. मादीलाही शिंगं असतात, हे मुलांना आधी सांगून ठेवा. हिवाळ्यात गवतालगत उडणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी दिसतात. लांडगा, खोकड (छोटा कोल्हा) नशिबावर. काळवीटच हवा असेल तर अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य गाठा. मोजे जाड घाला, कुसळं टोचतात. गाडी रस्ता सोडून गवतात घालू नका.

आणि हो, माझा झाडांशी दावा नाही. हिवर, बोर ही माळाचीच, विरळ असतात तशी असू द्यावीत. लावायचीच हौस असेल तर ओढ्याकाठी लावा. दाजींनाही त्या दिवशी हेच सांगितलं होतं, ओढा समोरच होता. पण म्हणे तिथे बस जात नव्हती.