पुराच्या गावांत काम सुरू करतेस, तर थोडं ऐक

अगं, बडोद्यात दांडिया बाजारात बसून नकाशे बघू नकोस. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीने 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फूट गाठले, तेव्हा सगळा गाजावाजा बडोदा शहराचा झाला. पण देव धरणातून पाणी सुटलं की ते ढाढर नदीत येतं आणि वाघोडिया, डभोईकडच्या गावांत शिरतं. तिथे कॅमेरे पोचत नाहीत.

पहिलं काम म्हणजे निरोपाची साखळी. धरणाचे दरवाजे उघडल्याचा मेसेज तलाट्याकडे, सरपंचाकडे येतो. शेवटच्या फळियातल्या (वस्तीतल्या) म्हातारीकडे नाही. तिला कोण उठवणार, तिची म्हैस कोण सोडणार, हे माणसाच्या नावानिशी ठरलेलं हवं. म्हशीचं तर आधीच बघ. दुधावर घर चालतं, त्यामुळे जनावर खुंट्याला असेपर्यंत लोक हलत नाहीत. उंचावरची जागा आणि सुका चारा जूनच्या आत नक्की कर. (आपल्याकडची मंडळी भाकरीची पाकिटं वाटायला हौसेने येतात, चाऱ्याचं नाव काढलं की गप्प.)

पाणी ओसरल्यावर मगरींची भीती असते, म्हणून पोरांना डबक्यांत उतरू द्यायचं नाही. पंचनाम्याच्या वेळी शेतकऱ्यासोबत बांधावर उभी राहा, कारण नुकसान 33 टक्के किंवा जास्त नोंदलं गेलं तरच आपत्ती निधीतून पिकाची मदत मिळते. वाट्याने कसणाऱ्याचं नाव उताऱ्यावर नसतं. त्याच्याबद्दल मालकाशी पावसाळ्याआधीच बोलून ठेव, आणि गुजरातीतच बोल.