पीप वाढवला तरी ऑक्सिजन का घसरला?

तुमचा प्रश्न असा : व्हेंटिलेटरवरच्या गंभीर न्यूमोनियाच्या रुग्णाचा पीप (श्वास सोडल्यावर वायुकोश मिटू नयेत म्हणून यंत्रानं राखलेला दाब) ८ वरून १४ सेंमी पाणी केला, तर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) वाढण्याऐवजी उतरलं. असं का? आणि सीटी बघून प्रेशर ठरवता येतं का?

पहिला संशय असा की न्यूमोनिया फुप्फुसाच्या एखाद्याच खंडात (भागात) आहे.  पू आणि द्रवानं गच्च भरलेला खंड दाबानं उघडत नाही. दाब जातो चांगल्या भागात. तिथले वायुकोश इतके फुगतात की त्यांच्या भिंतींतल्या केशवाहिन्या चेपल्या जातात आणि रक्त वळतं आजारी भागाकडे, जिथे हवाच नाही. मग सॅच्युरेशन पडणारच. रक्तदाबही बघा. छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं.

सीटीचा उपयोग इथेच. दोन्ही फुप्फुसांत सगळीकडे धूसरपणा असेल तर जास्त पीपचा फायदा होण्याची शक्यता बरी असते. एकाच जागी घट्ट पांढरा भाग असेल तर कमी. खाटेवर काढलेल्या एक्स-रेवर मात्र फार विसंबू नये. २०१९ च्या ‘लाइव्ह’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत सुमारे पाचव्या हिश्श्याच्या रुग्णांचं ‘एकाच जागी की सगळीकडे’ हे वर्गीकरणच चुकलं होतं, आणि चुकीच्या गटाचे उपचार मिळालेल्यांत मृत्यू जास्त झाले. सोनोग्राफीत मिटलेला भाग उघडताना दिसतो, अति फुगलेला दिसत नाही.

म्हणून माझा भर खाटेशेजारच्या मोजणीवर. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिलेली हवा) तोच ठेवा, रुग्ण स्वतः जोर लावत नाही हे पाहा, इन्स्पिरेटरी होल्ड (आत घेतलेला श्वास क्षणभर रोखणारं बटण) दाबून प्लॅटो प्रेशर (तेव्हाचा फुप्फुसातला स्थिर दाब) घ्या आणि त्यातून पीप वजा करा. ही ड्रायव्हिंग प्रेशर. समजा पीप ८ ला प्लॅटो २२ होता, म्हणजे फरक १४. पीप १४ ला प्लॅटो २४ आला तर फरक १०, फुप्फुस उघडलं. ३२ आला तर फरक १८. उघडलं काही नाही, नुसतं ताणलं. पीप खाली आणा. प्लॅटो ३० सेंमी पाण्याच्या आत आणि फरक शक्यतो १५ च्या आत हवा.

टायडल व्हॉल्यूम काट्यावरच्या वजनावर नव्हे, उंचीवर काढतात. (ही चूक फार होते.) उंचीवरून धरायचं वजन (किलोत) असं : पुरुषासाठी ५० + ०.९१ × (उंची सेंमीत − १५२.४); स्त्रीसाठी ५० ऐवजी ४५.५. १६५ सेंमी उंचीच्या पुरुषाला साधारण ६१.५ किलो, म्हणजे किलोमागे ६ मिली धरून ३७० मिली. जाड माणूस असला तरी तेवढेच. फुप्फुसं वजनाबरोबर वाढत नाहीत.

आजार दोन्हीकडे असेल आणि ६० टक्के किंवा जास्त ऑक्सिजन देऊनही पीएफ रेशो (धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब भागिले दिलेल्या ऑक्सिजनचा अंश) १५० च्या खाली असेल, तर पीपशी झटत बसण्यापेक्षा रुग्णाला सलग किमान १६ तास पालथं झोपवणं बरं. एकाच बाजूचा असेल तर चांगलं फुप्फुस खाली येईल असं कुशीवर वळवा. अपवाद रक्तस्राव किंवा पुवाचा गळू. तेव्हा वरच्या आजारी फुप्फुसातलं रक्त-पू सगळं चांगल्या फुप्फुसात उतरतं.