मोबाइलवर इंटरनेट चालते, संगणकावर चालत नाही; राउटर रीसेट करावा का?

राउटरच्या मागच्या रीसेटच्या त्या बारीक छिद्रात टाचणी घालू नका. केबल जोडलेली आहे, मोबाइल त्याच राउटरवर नीट चालतात, संगणकावर मात्र ‘नो इंटरनेट’ दिसते आणि शेजारी रीसेट करायला सांगतात, असे तुम्ही लिहिले आहे. आमच्या घरी हाच सल्ला एकदा अमलात आला आणि त्याचा भुर्दंड मला पडला, म्हणून सविस्तर लिहिते.

मी साताऱ्यात घरूनच लहान दुकानदारांचे हिशेब लिहिण्याचे आणि जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम करते. १८ जुलै २०२२ रोजी सकाळी माझ्या संगणकावरचे इंटरनेट बंद पडले. २० तारीख ही जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची शेवटची मुदत असल्यामुळे मी लगेच कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजमध्ये आदेश टाइप करण्याच्या खिडकीत, ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) देऊन पाहिले, तर डीफॉल्ट गेटवेसमोर, म्हणजे संगणक ज्या दारातून इंटरनेटवर जातो त्या राउटरच्या पत्त्यासमोर, १९२.१६८.०.१ असे होते. आमच्या खालच्या मजल्यावरील राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर १९२.१६८.१.१ लिहिलेले आहे. म्हणजे संगणकाला पत्ता देणारे उपकरण आमचा राउटर नव्हतेच. आदल्याच दिवशी माझ्या थोरल्या दिरांनी वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचावे म्हणून एक जुना राउटर आणून माझ्या खोलीत बसवला होता आणि खालून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातली उपकरणे जोडण्याच्या खाचेत, घातली होती. त्यातील डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय, चालूच राहिली होती. मोबाइलांनी मूळ राउटरकडून आधीच पत्ते घेतलेले असल्याने ते चालत राहिले. रात्री बंद करून सकाळी सुरू केलेल्या संगणकाने नव्याने पत्ता मागितला, तेव्हा जवळच्या जुन्या राउटरचे उत्तर आधी पोहोचले आणि पुढे इंटरनेटची जोडणीच नसलेल्या दारापाशी तो जाऊन थांबला.

मी हे सांगितले. ‘भाऊजी, तो वरचा राउटर दहा मिनिटे बंद करून पाहू या,’ एवढेच माझे म्हणणे होते. मोबाइल चालतात म्हणजे राउटर ठीक आहे आणि संगणकच बिघडला आहे, असे त्यांनी ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीच्या तंत्रज्ञाने संगणक फॉरमॅट केला. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप पेन ड्राइव्हवर होता, तरी त्यानंतरच्या चार दिवसांच्या नोंदी गेल्या. तरीही इंटरनेट येईना, तेव्हा भाऊजींनी टाचणी घेऊन खालचा राउटर रीसेट केला. त्याबरोबर त्यातील पीपीपीओईचे, म्हणजे इंटरनेट पुरवठादाराकडे लॉगिन होण्याचे, युझरनेम आणि पासवर्ड पुसले गेले आणि चालणारे मोबाइलही बंद पडले. विवरणपत्रे मी २० तारखेला रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून भरली. पुरवठादाराच्या माणसाने २१ तारखेला युझरनेम पुन्हा भरले, त्याच वेळी मी वरच्या राउटरची पिन काढली आणि संगणक सुरू केला. गेटवे १९२.१६८.१.१ आला आणि इंटरनेट चालू झाले. रीसेटमुळेच सगळे सुरळीत झाले, असे भाऊजी आजही पाहुण्यांना सांगतात. ते चूक आहे. त्याच संध्याकाळी मी वरचा राउटर पुन्हा लावून संगणक सुरू केला होता आणि इंटरनेट पुन्हा गेले होते. मूळ राउटर तर तेव्हा नुकताच रीसेट झालेला होता.

तुमच्याकडेही आधी गेटवे पाहा. त्याच यादीत संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर संगणकाला राउटरकडून उत्तरच मिळालेले नाही. केबल बदला आणि राउटरचे दुसरे पोर्ट वापरून पाहा. गेटवे अनोळखी असेल, तर घरात दुसरे पत्ते वाटणारे उपकरण शोधा. तो बरोबर असेल, तर आधी त्याला आणि मग ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे ‘पिंग’ (ping) आणि पुढे पत्ता टाइप करून उत्तर येते का ते पाहा. दोन्हीकडून उत्तर येऊनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर दोष बहुधा डीएनएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सोयीत, असतो आणि तो संगणकाच्या सेटिंगमध्ये बदलता येतो. यात फॉरमॅट करण्याची गरज कुठेही नाही, आणि सांगणारा माणूस वयाने मोठा आहे म्हणून निदान बरोबर ठरत नाही. दुसरा राउटर हवाच असेल, तर त्याची डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ यासारखा वाटपाबाहेरचा मोकळा पत्ता द्या आणि मूळ राउटरची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्येच ठेवा.

एक गोष्ट मात्र मान्य करते. राउटरच्या सेटिंगचा पासवर्डच कोणाला आठवत नसेल, तर रीसेटशिवाय इलाज नसतो. तशी वेळ आली, तर पुरवठादाराला आधी फोन करून पीपीपीओईचे युझरनेम आणि पासवर्ड कागदावर उतरवून घ्या, आणि त्यानंतरच टाचणी हातात घ्या. राउटर बंद करून पुन्हा चालू करण्यास माझी हरकत नाही. त्याने सेटिंग पुसले जात नाही.