वाचकांचे प्रश्न : पंख्याचे जेट, टर्बाइन आणि नागपूरचा मे महिना

प्रश्न : मी दोन वर्षांपासून रेडिओवर चालणारे, पंख वरच्या बाजूला असलेले प्रोपेलरचे प्रशिक्षण विमान उडवतो आहे. आता जेट बांधण्याचा विचार आहे. विजेच्या पंख्याचे (धडातल्या नळीत मोटरने पंखा फिरणारे) घ्यावे की थेट टर्बाइनचे (केरोसीन जाळणाऱ्या छोट्या जेट इंजिनाचे)?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : इंजिनाची निवड नंतरची आहे. आपला हात प्रोपेलरच्या वाऱ्यावर किती विसंबून आहे, हे आधी तपासावे. आपल्या सध्याच्या विमानात थ्रॉटल देताच, म्हणजे मोटरचा जोर वाढवताच, नाकावरचा प्रोपेलर शेपटीवर हवेचा झोत सोडतो. त्यामुळे वेग पडलेला असतानाही एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग) काम करतात आणि बिघडलेले उतरणे थ्रॉटल पुढे सारून सावरून घेता येते. जेटमध्ये हा झोत धडाच्या आतल्या नळीतून थेट मागे निघून जातो, त्याचा शेपटीला काहीच उपयोग होत नाही, आणि म्हणून वेग गेला की ताबाही जातो. टर्बाइनला तर मंद गतीवरून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद लागतात, आणि जमिनीपासून तीन मीटरवर असलेल्या विमानाकडे तेवढे सेकंद नसतात. जेट पाडणारे बहुतेक जण उडताना नव्हे, उतरताना पाडतात, ते यामुळेच.

म्हणून मधली एक पायरी घ्यावी, असा माझा आग्रह आहे. पंख खाली असलेले, फ्लॅप (कमी वेगात उतरता यावे म्हणून पंखांच्या मागच्या कडेला असलेले खाली झुकणारे भाग) बसवलेले, वेगवान प्रोपेलर-विमान घ्या आणि शेवटच्या वळणानंतर थ्रॉटलला शक्यतो हात न लावता ठरलेल्या ठिकाणी टेकवण्याचा सराव करा. जमत नाही असे वाटले तर पुन्हा वर जाण्याचा निर्णय वळणावरच घ्यायचा, जमिनीजवळ आल्यावर नाही. सलग वीस उतरणी अशी साधली की ७० मिलिमीटर व्यासाच्या पंख्याचे फोमचे जेट खुशाल घ्यावे. सहा सेलची, म्हणजे २२.२ व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी त्याला तीन-चार मिनिटे पुरते. हा वेळ फार थोडा वाटेल, पण ट्रान्समीटरवर गजर लावून त्यातला शेवटचा मिनिट उतरण्यासाठी राखूनच ठेवावा.

टर्बाइनचे आकर्षण मला समजते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील कुर्ट श्रेकलिंग यांनी प्लायवूडचा, कार्बन धाग्याने आवळलेला कॉम्प्रेसर वापरून घरगुती टर्बाइन चालवून दाखवले, ही हकीकत वाचली की कोणाचेही हात शिवशिवतील. आजची तयार टर्बाइन मात्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते, तिच्या धुराड्यातून ५०० ते ७०० अंश सेल्सिअसचा झोत निघतो आणि १०० न्यूटन जोराचे इंजिन मिनिटाला ३०० ते ४०० मिलिलिटर केरोसीन पिते. बेअरिंगच्या वंगणासाठी त्या केरोसीनमध्ये सुमारे पाच टक्के टर्बाइन तेल मिसळावे लागते. सुरू करताना शेजारी कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक घेतलेला दुसरा माणूस हवाच. विदर्भातील उन्हाळ्यातले वाळलेले गवत आणि टर्बाइन असलेले कोसळलेले विमान यांची गाठ पडली, तर नुकसान केवळ विमानाचे राहत नाही. माझ्या हिशेबाने पंख्याच्या जेटवर एक पूर्ण हंगाम काढल्याशिवाय टर्बाइनकडे वळू नये.

प्रश्न : डिसेंबरच्या सकाळी सहज उठणारे माझे पंख्याचे जेट मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता पट्टी संपेपर्यंत उठलेच नाही. मोटर गेली असेल का?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : मोटरवर आळ घेण्याआधी हवेकडे पाहा. १५ अंशांच्या तुलनेत ४३ अंशांवर हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे पंख्याचा जोर घटतो आणि पंखांना तेवढेच वजन उचलण्यासाठी अधिक वेग लागतो; या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर उठण्याआधीची जमिनीवरची धाव साधारण वीस टक्क्यांनी लांबते, म्हणजे चाळीस मीटरची अठ्ठेचाळीसवर जाते. पट्टी संपत आली म्हणून घाईने एलिव्हेटर ओढला, तर नाक उचलले जाते, हवेचा अवरोध वाढतो आणि वेग आणखी पडतो. मी स्वतः एकदा हेच केले आणि काळ्या मातीच्या भेगेत पुढचे चाक गमावून बसलो. मे महिन्यात सकाळी सहा-साडेसहाला उडवावे.

बॅटरीचीही चौकशी करावी. पूर्ण भारलेली लिपो उन्हातल्या बंद गाडीत ठेवली असेल, तर ती लवकर म्हातारी होते आणि भार पडताच तिचे व्होल्टेज कोसळते. दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवून ती घरातल्या थंड जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी. फोमचे विमानही गाडीत ठेवू नये. उष्णतेने पंखाला आलेला पीळ डोळ्यांना दिसत नाही, पण विमान एका बाजूला कलते.

प्रश्न : घराजवळच्या मोकळ्या मैदानात जेट उडवले तर चालेल का?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : नाही. सोनेगावचा विमानतळ आपल्या अगदी शेजारी आहे. ड्रोन नियम, २०२१ यांच्यात मॉडेल विमानांचाही समावेश आहे. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच परवानगीशिवाय उडवता येते, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवणे हा गुन्हा ठरू शकतो. जेटचे साधे वळणसुद्धा २०० फुटांत मावत नाही, त्यामुळे १२ किलोमीटरच्या बाहेर, जिथे ४०० फुटांची मुभा आहे, तिथेच जागा शोधावी. जाण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशाही पाहावा. उमरेड किंवा काटोलच्या बाजूला शेतमालकाची संमती घेऊन शंभर-सव्वाशे मीटरची सपाट पट्टी मिळू शकेल. लहान चाकांना गवत अडते, म्हणून पट्टीवरचे गवत कापून, तिच्यावर रोलर फिरवून घ्यावा. उतरण्याच्या दिशेला संत्र्याची बाग नसेल तर उत्तम. झाडांत शिरलेले विमान शोधण्यात अर्धी सकाळ जाते, आणि बागमालकाची बोलणी खावी लागतात ती वेगळीच.