हशाच्या आधी अडचण

प्रिय मित्रा,

तुझी संहिता मिळाली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पहिल्या अंकात जिथे जिथे तू लाफ्टर धरला आहेस तिथे समासात खूण करत गेलो. ३८ खुणा झाल्या. तुझा कान चांगला आहे, संवाद पळतात, शब्द कुठे तोडायचा हे तुला उपजतच कळतं. पण वाचून झाल्यावर त्या भाड्याच्या खोलीतल्या चार पोरांपैकी एकाचंही नाव मला आठवेना. तू पत्रात विचारलं आहेस की विनोदी लिहायला शिकायचं तर काय बघू. म्हणून सविस्तर लिहितो.

तुला 'हेराफेरी' पाठ आहे, ते तुझ्या संवादांतच दिसतं. आता त्याचं मूळ घर बघ. 'रामजी राव स्पीकिंग', १९८९ सालचा मलयाळम चित्रपट. सबटायटल घेऊन बघ, आणि पहिल्या खेपेला हसायचं तेवढं हसून घे. दुसऱ्यांदा बघशील तेव्हा वही जवळ ठेव.

सिद्दीक आणि लाल या दोघांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. दोघेही कोचीचे, आणि दोघेही कलाभवनमध्ये तयार झालेले. फादर आबेल यांनी १९६९ साली उभी केलेली ही संस्था. तिथे ८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'मिमिक्स परेड' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. नेपथ्य नाही, कथा नाही, मंचावर सहा जण उभे राहून नकला करायचे आणि अख्खं मैदान हसवायचे. तिथून हे दोघे फाझिल या दिग्दर्शकाकडे सहायक म्हणून गेले. मग पुढे काय झालं ते मला फार मोलाचं वाटतं. शिष्य तयार झालेत हे ओळखून फाझिल स्वतः त्यांच्या पहिल्या चित्रपटाचे निर्माते झाले. आणि वर्षभरात, १९९० मध्ये, शिष्यांचीच गोष्ट घेऊन त्यांनी स्वतः तो चित्रपट तमिळमध्ये केला. गुरूने शिष्याची संहिता घेऊन काम करावं, यापेक्षा मोठी शाबासकी मला तरी माहीत नाही.

आता नीट लक्ष दे. नकला करून नाव कमावलेली ही दोन माणसं. आवाज काढणं, चेहरे करणं, दर अर्ध्या मिनिटाला टाळी घेणं हाच त्यांचा हातखंडा. तरी दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट लिहायला बसले तेव्हा त्यांनी सुरुवात कशाने केली? अनुकंपा तत्त्वावरच्या नोकरीने.

बालकृष्णन नावाचा तरुण आलप्पुळ्याला येतो. वडील कंपनीत नोकरीवर असताना गेले. त्यांच्या जागी नोकरी मिळणं हा त्याचा हक्क, पण दरवेळी दुसऱ्याच कुणाची तरी वर्णी लागते. तुझ्या-माझ्या ओळखीत असा एक तरी माणूस असेल, प्लास्टिकच्या पिशवीत अर्जांच्या झेरॉक्स घेऊन ऑफिसच्या पायऱ्या झिजवणारा. तो राहायला जातो मान्नार मत्तायीकडे. मत्तायी म्हणजे 'उर्वशी थिएटर्स' या बसलेल्या नाटक कंपनीचा मालक. कंपनीचा बोर्ड आहे, फोन आहे, नाटक मात्र नाही. तिथे आधीपासून गोपालकृष्णन हा भाडं थकवलेला भाडेकरू आहे. त्याने घरी सांगून ठेवलंय की कलकत्त्याला मोठ्या कंपनीत कामाला आहे.

तिघांची तीन दुखणी आणि छप्पर एक. बालकृष्णनच्या वाट्याची नोकरी जिला मिळाली आहे त्या राणीलाही ती तितक्याच गरजेची आहे. अगदी वसुलीला आलेला हंसक्कोयासुद्धा वाईट माणूस नाही, त्याला त्याचे पैसे हवेत इतकंच. केरळात तेव्हा शिकलेल्या पोरांची बेकारी घरोघरी होती आणि ज्याला जमेल तो आखाताची वाट धरत होता. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला हे तिघे कोण ते समजावून सांगावं लागत नव्हतं.

आणि मग फोन वाजतो. रामजी राव नावाच्या गुंडाने उरुमीस तंपान या धनिकाची मुलगी पळवली आहे. टेलिफोन डिरेक्टरीतल्या घोळामुळे खंडणीचा फोन येतो तो मात्र उर्वशी थिएटर्सच्या नंबरवर. तिघे ठरवतात की मधल्यामध्ये आपण उभं राहायचं, बापाकडून जास्त मागायचे, गुंडाला त्याचे द्यायचे आणि वरचे आपले. चुकलेल्या फोनची अशी कल्पना १९७१ सालच्या एका अमेरिकी टीव्ही-चित्रपटातही आहे आणि तिकडे अनेकांनी बोट दाखवलं आहे. माझ्या मते कथेचा हा सांगाडा कुणालाही मिळाला असता. चित्रपट उभा राहतो तो फोन वाजण्याआधीच्या भागावर. तोवर त्या तिघांची गरज आपल्या अंगात इतकी भिनलेली असते की चुकीचं पाऊल उचलताना आपणही मनातून 'घ्या रे' म्हणतो.

एक प्रसंग तुझ्यासाठी जवळून उलगडतो. गोपालकृष्णन फोनवर आहे. पलीकडून एक बाई त्याला सांगते, कलकत्त्याहून येताना माझ्यासाठी कंबिळिप्पुतप्प आण. म्हणजे लोकरीचं पांघरूण. आपलं कांबळं आणि त्यांचं कंबिळि एकाच घरचे शब्द. याच्या खिशात दमडी नाही, कलकत्ता याने पाहिलेलं नाही. 'नाही' म्हणावं तर खोटं उघडं पडतं आणि 'हो' म्हणावं तर कांबळं आणायचं कुठून? मग तो म्हणतो, ऐकू येत नाही. ती पुन्हा सांगते. हॅलो, ऐकू येत नाही. ती ओरडते, कंबिळिप्पुतप्प! हा आणखी मोठ्याने, ऐकू येत नाही!

पुन्हा वाच. यात कोटी नाही. पंचलाइन नाही. एक साधी वस्तू आणि 'ऐकू येत नाही' एवढे तीन शब्द. ट्रंक कॉलच्या दिवसांत लांबचा आवाज खरंच तुटक यायचा, म्हणून ती थाप पटते. त्याला स्पष्ट ऐकू येतंय हे फक्त आपल्याला ठाऊक असतं, म्हणून हसू येतं. आणि माणूस इतका कोपऱ्यात सापडलाय की बहिरं होण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्या हसण्याच्या तळाशी असतं. केरळात आजही तो शब्द उच्चारला की लोक हसतात. हे लिहिणाऱ्यांना नकलेतून सहज हशा घेता आला असता. त्यांनी एक कांबळं घेतलं.

नटांबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. बसलेल्या नाटक कंपनीची ही गोष्ट, आणि त्यात उभी असलेली माणसं नाटकाच्याच घरची. गोपालकृष्णन झालेला मुकेश हा कोल्लमच्या कालिदास कलाकेंद्रमचे ओ. माधवन यांचा मुलगा. रामजी राव झालेला विजयराघवन हा नाटककार एन. एन. पिळ्ळै यांचा मुलगा, बापाच्या नाटक मंडळीत वाढलेला. बालकृष्णन झालेला सायकुमार हा नट कोट्टारक्करा श्रीधरन नायर यांचा मुलगा, स्वतः व्यावसायिक रंगभूमीवर काम करून आलेला. हंसक्कोया झालेला मामुक्कोया कोळिकोडच्या हौशी रंगभूमीवरचा, पोटासाठी कल्लायीच्या लाकूड वखारीत काम केलेला. आणि मत्तायी झालेला इनोसंट! आठवीनंतर शाळा सुटलेली, दावणगेरेला आगपेट्यांचा कारखाना काढून पाहिलेला, एकेक धंदा अंगाशी आलेला. बसलेल्या कंपनीचा मालक कसा बसतो, कसा चिडतो, कुणी पैसे मागितले की कुठे बघतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. धोतर खोचताना, भांडताना, घाबरून गप्प होताना त्याच्याकडे बघ. हसवण्यासाठी म्हणून तो कुठेच थांबत नाही.

मोहनलाल आणि मम्मुट्टी यांचा तो भराचा काळ. या चित्रपटात दोघेही नाहीत, नायक नवा, दिग्दर्शक नवे. सुरुवातीला गर्दी बेताची होती. पाहून आलेल्यांनी घरी जाऊन सांगितलं आणि गर्दी वाढत गेली. पुढच्या दोन वर्षांत या जोडीचे आणखी दोन चित्रपट आले. त्यांतला १९९१चा 'गॉडफादर' तर एकाच थिएटरात ४००हून अधिक दिवस चालला, आणि त्यातल्या म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी त्यांनी थेट एन. एन. पिळ्ळै यांनाच बोलावलं.

२००० साली प्रियदर्शन यांनी हीच गोष्ट हिंदीत नेली तेव्हा मान्नारचा मत्तायी झाला बाबूराव गणपतराव आपटे. हे रूपांतर तू अभ्यासायला हवंस. नाटक कंपनी गेली आणि गॅरेज आलं. फोनचा घोळ पटावा म्हणून 'स्टार गॅरेज' आणि 'स्टार फिशरीज' अशी जुळी नावं केली. ख्रिस्ती नाटकवाला मराठी धोतरवाला झाला, जाड भिंगाचा चष्मा आला, बोलण्याची ढब बदलली. थकलेलं भाडं मात्र तसंच राहिलं. अनुकंपेची नोकरी तशीच राहिली. घरी सांगितलेली थाप तशीच राहिली. परेश रावल यांनी जीव ओतला हे खरंच, पण बाबूराव आपल्याला आपला वाटतो तो निव्वळ आडनावामुळे नव्हे. हिशेब न जुळणाऱ्या घरातला तो कर्ता माणूस आहे आणि तसा माणूस प्रत्येक वाड्यात, प्रत्येक चाळीत होता.

माझ्या दुसऱ्या नाटकाच्या वेळची गोष्ट सांगतो. त्यात एका कारकुनाच्या तोंडी मी विजेच्या बिलावर लांबलचक फटकेबाजी लिहिली होती. एका प्रयोगाला तो नट वाक्यच विसरला. भांबावून त्याने ते बिल हळूच चार घड्या घालून शर्टाच्या आतल्या खिशात सरकवलं, आणि बायकोची चाहूल लागताच खिशावर हात ठेवला. त्या नाटकात मला मिळालेला सर्वांत मोठा हशा तो. दुसऱ्या दिवशी मी ती फटकेबाजी कापली आणि बिल तेवढं ठेवलं.

२०२३ साली मार्चमध्ये इनोसंट गेला, एप्रिलमध्ये मामुक्कोया, ऑगस्टमध्ये सिद्दीक. एकाच वर्षात तिघे. त्या ऑगस्टमध्ये मी हा चित्रपट पुन्हा लावला आणि कांबळ्याच्या प्रसंगाला नेहमीसारखाच मोठ्याने हसलो. मग बंद करून बराच वेळ गच्चीत बसलो.

तर आता काम. तुझ्या खोलीतल्या त्या चार पोरांपैकी कोण कुणाशी काय खोटं बोलतोय हे मला एकेका ओळीत लिहून पाठव. घरमालकीण दुसऱ्या प्रवेशात येते आणि एक शाब्दिक कोटी करून निघून जाते. ती कोटी काढ. तिचं भाडं किती महिन्यांचं थकलंय, ते तिला या महिन्यातच का हवंय, हे ठरव. ती वाईट आहे असं लिहू नकोस, कारण तू तिचं जे थोडंसं वर्णन केलं आहेस त्यावरून ती तशी वाटत नाही. शर्टाला इस्त्री करून रोज सकाळी बाहेर पडणारा तो तिसरा मुलगा नोकरीला जातच नसावा, असा मला पहिल्या पानापासून संशय आहे. तो दिवसभर कुठे बसतो ते शोध आणि तिथला एक प्रवेश लिही. लाफ्टर धरू नकोस.

पंधरा दिवसांनी दुसरा खर्डा घेऊनच ये. मोठ्याने वाचू.

तुझा,
काका