भारी इंजेक्शन का काढलं?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या वडिलांना रक्ताचा कॅन्सर (एएमएल) आहे. कोल्हापुरात केमो झाली आणि आठवड्याभरात थंडी वाजून ताप आला, बीपी उतरला. लगेच मेरोपेनेम आणि व्हॅन्कोमायसिन ही अँटिबायोटिक सुरू केली. कल्चरमध्ये (रक्तातला जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत) ई. कोलाय नावाचा जंतू आला म्हणाले. ताप गेल्यावर व्हॅन्कोमायसिन बंद केलं, मेरोपेनेमऐवजी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम लावलं. पेशी अजून २००च आहेत. आम्ही पैशाला नाही म्हटलेलं नाही. मग भारी औषध का काढलं?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : पेशी २०० असताना औषध बदललं की घरच्यांच्या पोटात गोळा येणारच. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून यात हलगर्जीपणा दिसत नाही. उलट वडिलांकडे नीट लक्ष आहे.

न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५००च्या खाली गेले की पू धरत नाही, सूज येत नाही, बहुतेक वेळा ताप ही एकच खूण उरते. जंतू रक्तात असला तर काही तासांत माणूस हाताबाहेर जातो. म्हणून कल्चरला रक्त काढायचं आणि रिपोर्टची वाट न बघता तासाभरात जास्तीत जास्त जंतूंवर चालणारं औषध द्यायचं. तेव्हाची घाई बरोबरच होती.

पुढचं काम आमच्या लॅबमध्ये चालतं. रक्ताच्या बाटलीत ई. कोलाय असला तर मशीन बहुतेक वेळा दिवसभरातच सांगतं. तो जंतू आम्ही प्लेटवर पसरतो आणि वर औषधांच्या कागदी चकत्या ठेवतो. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडाला धरली की चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं, ते पट्टीनं मोजायचं. वर्तुळ पुरेसं मोठं असलं तर औषध लागू आहे. वडिलांच्या रिपोर्टवर पिपरासिलिनसमोर 'सेन्सिटिव्ह' लिहिलं असणार, बघून घ्या. जंतू ईएसबीएल प्रकारचा (बरीच अँटिबायोटिक निकामी करणारा) नसेल, तर जो त्यानं मरतो, तो मेरोपेनेमनं जास्त मरत नाही. व्हॅन्कोमायसिन तर ई. कोलायवर चालतच नाही. ते चालू ठेवलं असतं तर किडनीवर नुसता भार.

मेरोपेनेम आतड्यातले चांगले जंतूही मारतं आणि मोकळ्या जागेत त्याला न जुमानणारा क्लेब्सिएला नावाचा जंतू मुक्काम ठोकतो. तशा प्लेटा मी बघते. चकतीला चिकटून जंतू वाढलेले, वर्तुळ नावालाही नाही. वॉर्डात फोन करून ते सांगताना माझा जीव खालीवर होतो, कारण मग कोलिस्टिनसारखी मोजकी औषधं उरतात आणि तेही किडनीला जड. वडिलांच्या अजून केमो असतील तर पेशी पुन्हा पडणार, ताप पुन्हा येऊ शकतो. तेव्हा मेरोपेनेम लागू पडायला हवं. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१३ सालीच असं रिपोर्ट बघून औषध उतरवायला सांगितलंय. तब्येत बिघडलीच तर डॉक्टर ते परत वाढवतील.

तेव्हा राउंडला 'भारी लावा' म्हणू नका. हे औषध कशासाठी आणि किती दिवस, ते विचारा. गावाकडून जीप भरून माणसं बघायला येतात, प्रेमानंच येतात, पण सध्या त्यांना खोलीत सोडू नका. जे आत जातील त्यांनी दर वेळी हात धुवायचे.

घरी सोडल्यावर ताप एकदा जरी १०१ झाला, किंवा १००.४ वर तासभर राहिला, तर पॅरासिटामोल देऊन वाट बघत बसायचं नाही. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणायचं नाही. रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. गडहिंग्लजहून यायला वेळ लागतो, म्हणून गाडी कुणाची आणि चालवणार कोण, हे आत्ताच ठरवून ठेवा.